‘क्रमशः’ कुठे लिहायचं?



आज बचत, कर्ज, हप्ते यांबद्दल बोलणार नाही असं ठरवून आले होते. पण ते मधे येणारच, आधीच सांगून ठेवते. आजचा विषय आहे चित्रकथा. मोबाईलवर बोटाने वर सरकवत वाचायची, दर आठवड्याला एक भाग येणारी. तिचा प्रत्येक भाग कुठे थांबवायचा, एवढंच आज बोलायचं आहे.

ऐकायला हा प्रश्न छोटा वाटतो. मलाही वाटला होता. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी रत्नागिरीत कॉलेजला आहे. मोबाईलवर बोटाने चित्रं काढते, अगदी सुरेख. गटातल्या बायकांना व्यवहाराची माहिती कागदावर दिली तर कागद फडताळात जातो, तीच गोष्टीतून दिली तर वाचली जाते, असा विचार करून आम्ही दोघींनी एक चित्रकथा सुरू केली. गोष्ट सुलभाची. सुलभा कल्पनेतली आहे. नवरा मुंबईला, घरी सासू, दोन मुलं, आणि एका खाजगी कंपनीचं गटकर्ज. दर शनिवारी रात्री एक भाग गटांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जायचा. भागात साधारण वीस-बावीस चित्रं.

पाचवा भाग आम्ही असा थांबवला. संध्याकाळचे साडेसात. देवापाशी दिवा लागलाय. खळ्यात मोटारसायकल थांबल्याचा आवाज. पडवीच्या दारावर पुरुषाची सावली. सुलभाचा हात कडीकडे गेलाय. आणि खाली लिहिलं, क्रमशः.

आम्हाला फार आवडला तो शेवट. लोक आठवडाभर वाट बघतील म्हणून आम्ही खूश.

सोमवारी दिवेलागणीला वरच्या वाडीतून एक जण चालत माझ्याकडे आली. दारातूनच विचारलं, “ताई, उघडलंन का हो तिने दार?” मी हसले. म्हटलं, शनिवारी कळेल. ती हसली नाही. पडवीत बसली, पाणी प्यायली, आणि मग बोलली. तिच्याकडेही असाच माणूस आला होता. तिचा एक हप्ता चुकला होता आणि अंधार पडल्यावर तो दोनदा घरी येऊन गेला होता. मुंबईला नवऱ्याला तिने सांगितलं नव्हतं, शेजारीही नाही. पुढचा हप्ता गुरुवारी होता. आमचा सहावा भाग शनिवारी येणार होता. तिला उत्तर गुरुवारच्या आत हवं होतं.

हे मी तिला विचारून सांगते आहे. नाव सांगणार नाही.

तिला जे सांगितलं ते इथेही सांगून टाकते, म्हणजे तुम्हालाही शनिवारची वाट बघायला नको. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेलं कर्ज म्हणजे सूक्ष्म कर्ज. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केले, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. वसुलीची जागा दोघांच्या संमतीने ठरलेली असायला हवी. त्या ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आली नाही, तरच वसुलीचा माणूस घरी किंवा कामाच्या जागी येऊ शकतो. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा लावणं, शिवीगाळ करणं, धमकावणं, नातेवाइकांना त्रास देणं हे सगळं नियमांनी दांडगाईत धरलं आहे. तक्रार आधी त्या कंपनीकडे लेखी करायची. तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. कर्ज फेडायचं असतंच, त्यात सूट नाही. पण अंधारात दार वाजवायचा हक्क कोणाला मिळत नाही.

हे सगळं आमच्याकडे तयार होतं. सहाव्या भागात घालायचं म्हणून आम्ही ते राखून ठेवलं होतं, उत्सुकता वाढावी म्हणून! त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक कुठे झाली हे मात्र लगेच कळलं नाही. ते कळायला मला जुन्या गोष्टी आठवून बघाव्या लागल्या.

पहिल्यांदा आठवला वेताळ. माझ्या आईकडे चांदोबाच्या जुन्या अंकांची चळत होती. मराठी चांदोबा १९५२ साली सुरू झाला. तेलुगूत तो त्याच्या आधी पाच वर्षं, १९४७ पासून निघत होता. त्यातला विक्रम आणि वेताळ कोणाला आठवत नाही? खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला राजा, हातात तलवार, मागे स्मशान. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो, माहीत असून उत्तर दिलं नाहीस तर डोक्याची शकलं होतील म्हणतो. राजा उत्तर देतो. त्याचं मौन मोडतं आणि वेताळ परत झाडावर. मूळ गोष्टी पंचवीस, पण चांदोबाने हा साचा कितीतरी वर्षं चालवला आणि आम्ही पोरं दर महिन्याला तेच वाचायला धावायचो.

का धावायचो? नीट बघा. गोष्ट पूर्ण झालेली असते. कोण खरा, कोण दोषी, याचं उत्तर राजाने त्याच अंकात दिलेलं असतं. उघडं राहतं ते वेगळंच काहीतरी, राजा वेताळाला घेऊन कधी पोचणार हे. म्हणजे दोन धागे आहेत. आतला धागा त्याच दिवशी बांधून टाकायचा आणि बाहेरचा मोकळा ठेवायचा. आम्ही पाचव्या भागात दोन्ही धागे मोकळे सोडले होते. वाचणारीच्या हातात काहीच दिलं नव्हतं.

दुसरी आठवण पोथीची. श्रावणात आमच्याकडे आजी शिवलीलामृत लावायची. चौदा अध्याय, पंधरावा नंतरचा जोडलेला. पण रोज अख्खी पोथी कोण वाचणार? म्हणून पुष्कळ घरी फक्त अकरावा अध्याय रोज वाचतात. तो एकटा वाचला तरी चालतो, मागचे दहा माहीत नसले तरी अडत नाही. हा गुण मोबाईलवरच्या गोष्टीला फार लागतो. गटातली एखादी चार दिवस माहेरी जाते, एखादीचा रिचार्ज संपतो, एखादीच्या वाडीत पावसात आठ-आठ दिवस नेटवर्क नसतं. ती मधूनच शिरते. त्या भागात तिला सुरुवात आणि विसावा, दोन्ही मिळाले पाहिजेत.

गुरुचरित्राचा सप्ताहही आठवला. (बायकांनी गुरुचरित्र वाचू नये म्हणतात, म्हणून मी ते पडवीत बसून ऐकलं. ऐकायला बंदी नव्हती. असो.) सप्ताहाची जी एक नेहमीची वाटणी आहे, तिच्यात पहिल्या दिवशी नऊ अध्याय असतात आणि पाचव्या दिवशी फक्त तीन. लहानपणी वाटायचं, आज लवकर सुटलो. पण नाही, छत्तिसावा अध्याय आचारधर्माचा, इतका लांबलचक की तिघांत दिवस भरतो. सांगायचं हे, की ज्यांनी ही वाटणी केली त्यांनी अध्याय मोजून सात सारखे तुकडे केले नाहीत. बसणाऱ्याची बैठक आणि मजकुराचा भार बघून थांबे ठरवले.

आम्ही मात्र वीस-बावीस चित्रं झाली की थांबत होतो. जणू तांदूळ मोजून पिशव्या भरतोय.

मासिकांतल्या क्रमशः कादंबरीचा इतिहासही मोठा आहे. ह. ना. आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून भागाभागाने आली. यमू आपली हकिकत स्वतः सांगते. माहेर, लग्न, सासर, मग वैधव्य आणि केशवपन. बी. ए. ला असताना ही कादंबरी मी पुस्तकात वाचली, सलग, परीक्षेसाठी. आता वाटतं, ती आठवड्याआठवड्याने वाचणाऱ्या घरांत काय होत असेल? यमूसारखीच एखादी त्या घरात माजघरात वावरत असेल. तिला गोष्टीचं पुढे काय होतं याहून, आपलं पुढे काय होणार याची काळजी असेल. आमच्या वरच्या वाडीच्या बाईने मला हेच शिकवलं. वाचणारी कधीकधी गोष्टीच्या बाहेर नसते.

आता फोनचं थोडं बोलूया, कारण फोनवर थांबणं वेगळं असतं. छापील चित्रकथेत पान असतं. अमर चित्र कथा घ्या, १९६७ पासूनची, साधारण बत्तीस पानांत गोष्ट पुरी. तिथे पान उलटल्यावर दिसणारी जागा ही दचकवायची जागा. उजव्या पानाच्या तळाशी शंका, उलटल्यावर डाव्या पानाच्या डोक्याशी उत्तर. रोजच्या पेपरातल्या चित्रपट्टीला तर थांबायचा प्रश्नच नाही. ‘सकाळ’मध्ये १९९१ साली सुरू झालेला चिंटू तीन-चार चौकटींत त्याच दिवशी आटपायचा, दुसऱ्या दिवशी नवा. फोनवर पानच नाही. दक्षिण कोरियात या उभ्या चित्रकथांना वेबटून म्हणतात. तिथल्या नेव्हर कंपनीने २००४ पासून त्या चालवल्या आणि आता जगभर वाचतात. त्यात पानाचं काम मोकळी जागा करते. दोन चित्रांमधे पांढरी जागा जास्त ठेवली की बोट जास्त सरकवावं लागतं, तेवढा श्वास रोखला जातो. भागाच्या शेवटी अशी जागा ठेवून मगच शेवटचं चित्र आलं, तर ते शांतपणे पोचतं. लगेच चिकटून आलं तर डोळा त्याला शेवट मानतच नाही, पुढे सरकवत राहतो आणि फोन हलवून बघतो.

कोरियात प्रत्येक गोष्टीचा वार ठरलेला असतो, हे मला फार पटलं. आपल्या गटाची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. पाचही ठिकाणी ‘नियमित’ आहे. वार पक्का असला की शेवट थोडा मऊ असला तरी वाचणारी परत येते. वार पक्का नसला की लिहिणारी घाबरते आणि दरवेळी कोणालातरी विहिरीच्या काठावर नेऊन उभी करते.

टीव्हीवरच्या मालिकांचं तेच झालंय. दार वाजतं, ढोल वाजतात, सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी दारात दूधवाला. एकदा चालतं. दुसऱ्यांदा आमच्या गटातल्या बायका तांदूळ निवडता निवडता म्हणतात, दूधवालाच असणार.

आता गंमत सांगते. आमचा सगळ्यात चांगला शेवट चुकून झाला. सातव्या भागात शेवटचं चित्र सुलभा रडतेय असं होतं. पाठवताना नेटवर्क गेलं आणि ते चित्र गेलंच नाही. त्याच्या आधीचं चित्र शेवटचं ठरलं. त्यात पडवीत तीन चपलांचे जोड, एक अनोळखी. एवढंच. दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्या त्या चपलांवर बोलत होत्या, कोणाच्या असतील, माहेरची आली असेल काय. रडणारी सुलभा पोचली असती तर “बिचारी” म्हणून विषय संपला असता. तेव्हापासून आमचा एक नेम आहे. भाग झाला की शेवटचं चित्र अंगठ्याने झाकायचं. झाकल्यावर जास्त बरं वाटलं तर ते काढून टाकायचं. दहांतल्या सहा-सात वेळा काढावंच लागतं. (आणि चित्रांवर आकडे घाला. व्हॉट्सअ‍ॅपवर ती मागेपुढे होतात. एकदा सुलभा आधी घरी आली आणि मग बँकेत गेली.)

दुसरी परीक्षा आणखी सोपी आहे. चित्रं काढायच्या आधी तो भाग बैठकीत तोंडी सांगायचा आणि ठरवलेल्या जागी गप्प बसायचं. बायका “मग?” म्हणाल्या तर जागा बरोबर. “म्हणजे?” म्हणाल्या तर जागा चुकली. ‘मग’ म्हणजे त्यांना सगळं कळलंय आणि पुढचं हवंय. ‘म्हणजे’ म्हणजे आपण मधलं काहीतरी सांगायचं विसरलोय. आणि कोणीच काही बोललं नाही, तर समोरच्यांचे चेहरे बघायचे. ते मी त्या पाचव्या भागाच्या वेळी केलं नव्हतं.

तर त्या पाचव्या भागाचं काय केलं? मंगळवारी त्या मुलीला बोलावलं. ती आधी नाराज झाली. तिचं म्हणणं होतं की सगळं सांगून टाकलं तर शनिवारी कोण वाचेल? बरोबर होतं तिचं. मग दोघींनी बसून वेताळाचा हिशेब लावला. बांधायचा धागा कोणता? दारातला माणूस. नियम काय आहे, सुलभा त्याला काय सांगते, हे त्याच भागात. मोकळा ठेवायचा धागा कोणता? तो शोधायला वेळ लागला. शेवटी मुलीलाच सुचलं. नव्या शेवटात सुलभा दार उघडते, पण उंबऱ्याच्या आतच उभी राहते. “सहा वाजून गेलेत. ठरल्या जागी गुरुवारी येते,” म्हणते. माणूस जातो. मोटारसायकलचा आवाज लांब जातो. मोकळी जागा. मग माजघराच्या दारात सासू उभी, हातात दिवा, आणि विचारते, “किती घेतलं होतंस?”

क्रमशः.

बाहेरच्या माणसाची भीती संपली आणि घरातली गोष्ट सुरू झाली. बुधवारी सकाळीच तो भाग पुन्हा पाठवला, शनिवारची वाट न बघता. त्या शनिवारी सहावा भाग वाचणाऱ्या कमी झाल्या का? मोजलं नाही. पण त्या आठवड्यात मला तिघींनी विचारलं की सासूला खरं सांगावं का. सुलभाच्या सासूला की स्वतःच्या, ते मी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही आता कायमची पाळतो. वाचणारीच्या उपयोगाची माहिती दोन भागांच्या मधे लटकत ठेवायची नाही. कोणाचं लग्न ठरतं का, चपला कोणाच्या, भाऊ परत येतो का, हे खुशाल लटकू दे. औषधाचं प्रमाण, तक्रारीचा क्रमांक, अर्जाची शेवटची तारीख हे लटकायला नको. अरबी गोष्टींतल्या शहरजादीला पहाट झाली की गोष्ट अर्धी सोडावी लागायची, कारण पुरी केली तर तिचा जीव जाणार होता. आपल्याकडे उलटं आहे. इथे घोर वाचणारीच्या जिवाला लागतो.

मोठ्या खंडाच्या आधीही जपतो. जुलैत लावणी सुरू झाली की चिखलाच्या हाताने फोन कोण धरणार, तेव्हा भाग दहा-बारा चित्रांचेच. गणपतीत तर पंधरा दिवस सुट्टी, चाकरमानी आलेले, घरं भरलेली. त्याच्या आदल्या भागात कोणालाही संकटात ठेवून जायचं नाही. गेल्या वर्षी तो भाग आम्ही गौरीच्या ओवशावर थांबवला. सुलभा आणि सासू सुपं भरतायत, दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, पण सासू तिच्या सुपात एक नारळ जास्त ठेवते. वरून भांडण तसंच आहे, पण पंधरा दिवस काढता येतील एवढं आत मिटलंय. सुट्टीनंतरचा भाग त्याच नारळाच्या चित्राने सुरू केला, ‘मागील भागात’ असा मजकूर न लिहिता. सगळ्यांना आठवलं.

आता फक्त शेवटचा भाग काढायचा राहिलाय. मुलीला सुलभाचं कर्ज फिटल्याचा दाखला दाखवायचा आहे, शिक्का, सही, सगळं. परवाच्या बैठकीत तिने ते तोंडी सांगितलं. वरच्या वाडीची ती बाई मागे बसून ऐकत होती. त्या गुरुवारी गटातल्या दोघींना बरोबर घेऊन ती ठरल्या जागी गेली होती आणि त्यानंतर एकही हप्ता चुकलेला नाही. ती म्हणाली, “फिटलं असं नको दाखवू गो. दोन हप्ते राहू देत. माझे अजून सात आहेत.”

मुलगी अजून विचार करते आहे.